पायरीखालचा बोल्ट

जाग आली ती थंडीने. रात्रीचे दोन वाजून गेले होते. मोटरहोममधल्या हीटरचा पंखा चालू होता, जाळीतून हवाही येत होती, पण गार. मिक्सरमध्ये डाळ जास्त झाली की मोटरचा आवाज जड होतो, तसा पंख्याचा आवाज येत होता. दिवा लावला तर पिवळट. मुलगीही जागी झाली होती, तिला पाणी हवं होतं. नळ सोडला, पंप घरघरला, दिवा आणखी खाली गेला आणि फ्रिजच्या पट्टीवरचा हिरवा दिवा विझून पुन्हा लागला. बॅटरी संपली, असं मी धरून चालले. होती नव्हती तेवढी पांघरुणं आणि जॅकेटं पोरांच्या अंगावर घातली, सगळं बंद केलं आणि झोपण्याआधी पॅनेलवरचं बॅटरीचं बटण दाबून बघितलं. चारपैकी चारही दिवे लागले. म्हणजे बॅटरी भरलेली.

त्या चार दिव्यांनी पुढचे दोन महिने माझं डोकं खाल्लं.

आम्ही ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या चँडलरमध्ये राहतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जुनी मोटरहोम घेतली. गाडी १९९६ ची, २४ फुटांची, फोर्डच्या ई-३५० चासीवर बांधलेली. अशा गाडीला इथे क्लास सी म्हणतात: पुढे व्हॅनचं नाक, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा, मागे ओटा, फ्रिज, छोटंसं न्हाणीघर. मिशिगनच्या एका निवृत्त जोडप्याकडून घेतली. बर्फाळ राज्यांतली अशी कितीतरी माणसं हिवाळा काढायला दरवर्षी ॲरिझोनात उतरतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. दोघांनी गाडी फार निगुतीने ठेवली होती. प्रत्येक ऑइल बदलल्याची पावती फाइलला लावलेली. ती फाइल बघूनच मी गाडी घेतली आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. फक्त एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही. ती दोघं इथे आली की पाच-पाच महिने एकाच पार्कमध्ये, विजेच्या खांबाला प्लग लावून राहायची. बॅटरीवर रात्र काढायची वेळ त्यांच्यावर बहुधा कधी आलीच नव्हती.

मोटरहोममध्ये विजेचे दोन संसार असतात. एक १२० व्होल्टचा, बाहेरून प्लग लावल्यावर मिळणारा. त्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग चालतात. दुसरा १२ व्होल्टचा, घराच्या बॅटरीवरचा. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा सगळं त्यावर. फ्रिज गॅसवर चालत असला तरी त्याच्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतातच. इंजिनाची बॅटरी वेगळी. प्लग लावला की कन्व्हर्टर नावाचा डबा १२० चे १२ करून घरातली उपकरणंही चालवतो आणि बॅटरीही भरतो. रस्त्यावर असताना तेच काम इंजिनाचा अल्टरनेटर करतो. हे सगळं मला तेव्हा ऐकून ठाऊक होतं. हाताने ठाऊक नव्हतं.

ती थंडीची रात्र मेदर कॅम्पग्राउंडवरची. ते ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, जवळजवळ ७,००० फुटांवर आहे. तिथे गाडीला प्लग लावायची सोय नाही. आमच्या गाडीतला जनरेटर आधीच काढून टाकलेला होता, त्यामुळे बॅटरीवरच सगळी भिस्त. उजाडल्यावर इंजिन चालू केलं आणि हीटर पहिल्या झटक्यात पेटला. दिवे पांढरे, पंप जोरात, फ्रिज खूश. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्रीचं बुकिंग सोडून आम्ही खाली उतरलो. मुलाला सर्दी झाली होती आणि मला स्वतःचा राग आला होता, कारण चार वर्षांच्या मुलाला गोठत्या थंडीत घेऊन जाताना मी हीटर बॅटरीवर तासभरही चालवून बघितला नव्हता. घरी अंगणात प्लग लावून दहा मिनिटं चालवला होता, तेवढंच.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते बॅटऱ्या बदलायचं. दाराच्या पायरीखाली एक ट्रे आहे, त्यात ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. तारखेप्रमाणे सहा वर्षं झालेली. बदलायला हव्याच होत्या, असं मनाला समजावलं आणि तीनशेच्या आसपास डॉलर घातले. इथेच एक चूक झाली. जुन्या बॅटऱ्या काढताना फोटो काढला नाही. ट्रेमध्ये वायरी दोन, एक काळी आणि एक पांढरी. गाड्यांत काळी म्हणजे निगेटिव्ह, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी काळी निगेटिव्हला लावली आणि पांढरी पॉझिटिव्हला टेकवली, तशी मोठी ठिणगी उडाली. अमेरिकेतल्या बऱ्याच मोटरहोममध्ये घराच्या बॅटरीची काळी वायर पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. उलट जोडणीपासून वाचवायला कन्व्हर्टरवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतात, ते दोन्ही उडाले. ते उडाल्याचं मला आठवड्याने कळलं, तोवर प्लग लावूनही बॅटरी भरत नव्हती आणि मी दोन वेगळे बिघाड एकच समजून शोधत होते. आता कुठलीही वायर काढण्याआधी मी तिला कागदी टेप गुंडाळून नाव लिहिते, आणि मीटर लावल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवत नाही.

फ्यूज बदलले, बॅटऱ्या पूर्ण भरल्या, प्लग काढला, हीटर लावला. पंख्याचा आवाज तोच. जड.

मग गाडी मोटरहोमच्या एका गॅरेजमध्ये दिली. दोन दिवस ठेवून घेतली आणि १६५ डॉलर घेऊन परत दिली: सगळं व्यवस्थित चालतंय, फार तर कन्व्हर्टर बदलून बघा. नंतर विचारल्यावर कळलं की शेडमध्ये गाडी दोन्ही दिवस प्लगवर होती. प्लगवर ती नीट चालते हे तर मीच त्यांना सांगून आले होते.

माझे वडील, आप्पा, एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होते. आता मिरजेला असतात. ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे मिरज आणि आमच्यातलं अंतर बारा महिने साडेबारा तासांचंच. रात्री आठला मी भांडी आवरून अंगणात यायचे तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ, आप्पांचा दुसरा चहा. फोन खुर्चीवर उभा करून मी गाडी दाखवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त प्रश्न विचारले.

"प्लग लावला की सगळं नीट?"

"हो."

"इंजिन चालू असताना?"

"तेव्हाही नीट."

"आणि नुसत्या बॅटरीवर रडतंय. मग बॅटरी कशाला बदललीस? बॅटरीतनं निघालेली वाट बघ की."

आप्पांचा पहिला संशय पॉझिटिव्हवर होता. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज, मग घराची आणि इंजिनाची बॅटरी जोडणारा सोलेनॉइड. सोलेनॉइडच्या आतले संपर्क जळतात, असं त्यांनी शेकडो गाड्यांत बघितलेलं. पण इथे तो नव्हता. हीटर, तीन दिवे आणि रेडिओ चालू ठेवून, म्हणजे सुमारे १२ अँपिअरचा लोड टाकून, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून आतल्या फ्यूजपेटीच्या पॉझिटिव्हपर्यंत मीटर लावला तर फरक ०.१८ व्होल्ट. एवढ्या लांब वायरीला तेवढा चालतो.

हे मोजणं मला आप्पांनी शिकवलं आणि अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच ठरली. मी आधी मीटर लावायचे ते नुसत्या व्होल्टेजसाठी, एक टोक पॉझिटिव्हला, दुसरं निगेटिव्हला, आणि तेही सगळं बंद असताना. तेव्हा १२.६ दिसायचं आणि मी चक्रावून जायचे. वायरीतून करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडालाही काही करायला मिळत नाही. पलीकडे पूर्ण व्होल्टेज पोचतं. पॅनेलवरचे चार दिवे हेच दाखवत होते. करंट वाहू लागला की मगच खराब जोड आपला वाटा खातो. म्हणून लोड चालू ठेवायचा आणि मीटरची दोन्ही टोकं एकाच वायरीच्या दोन बाजूंना लावायची. जोड चांगला असेल तर जवळजवळ शून्य. जे काही जास्त दिसेल ते तिथे अडकलेलं.

हीटर का पेटत नव्हता, तेही याच सुमारास कळलं. त्याच्या पंख्यासमोर पातळ पत्र्याची एक पट्टी असते. वाऱ्याच्या जोराने ती ढकलली गेली की स्विच लागतो आणि मगच गॅस सुटून ठिणगी पडते. सुरक्षेसाठीच केलेली रचना: हवा नसेल तर ज्योत नाही. १०.८-१०.९ व्होल्टवर पंखा फिरतो, पण पट्टी ढकलण्याइतका वारा देत नाही. आमचा हीटर रात्रभर ठणठणीत होता. त्याला वारा कमी पडत होता.

बॅटरी पुरायला हवी होती का, याचा हिशेबही एकदा वहीत मांडला. दोन्ही मिळून सुमारे २२० अँपिअर-अवर, त्यातले निम्मे वापरायचे, म्हणजे ११०. हीटरचा पंखा ८ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर ४०. जुने काचेचे बल्ब प्रत्येकी १.४ अँपिअरचे, तीन बल्ब चार तास म्हणजे १७. फ्रिजचा बोर्ड, गॅसगळतीचा अलार्म आणि अशी सतत थोडं थोडं खाणारी मंडळी मिळून १२-१५. सगळी बेरीज सत्तरच्या आसपास. बॅटरी पुरायलाच हवी होती. हा हिशेब मी तीनशे डॉलर घालण्याआधी करायला हवा होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी पोरांच्या खडूंनी आकृती काढली. बॅटरीचा निगेटिव्ह एका वायरीने चासीला बोल्ट केलेला. फ्यूजपेटीचा निगेटिव्ह दुसरीकडे, मागच्या बाजूला, चासीलाच. इंजिनाची अर्थची, म्हणजे परतीच्या करंटाची, वायर पुढे, तीही चासीला. मधला परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सांगाडा. आता इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरचा करंट घरातल्या दिव्यांपर्यंत जातो आणि चासीवरून थेट इंजिनाकडे परत येतो. बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टावरून त्याला जावं लागत नाही. प्लग लावला तर कन्व्हर्टर फ्यूजपेटीच्या शेजारीच, त्यालाही त्या बोल्टाची गरज नाही. फक्त बॅटरी एकटी काम करत असेल तेव्हाच प्रत्येक अँपिअरला त्या एका बोल्टातून जावं लागतं. आकृतीवर बोट ठेवून मी नवऱ्याला हे दोनदा समजावलं. तो म्हणाला, मग उद्या पायरी काढू.

आप्पांनी मीटरच्या आधी बल्ब लावायला सांगितला. हेडलाइटचा एच४ बल्ब, ६०/५५ वॅटचा. पार्ट्सच्या दुकानात इथे त्याला ९००३ म्हणतात. "दोन्ही फिलामेंट एकत्र जोड. नऊ-साडेनऊ अँपिअर खेचंल. पाच सेकंदांच्या वर ठेवू नको, काचेला हात लावू नको, आणि शेवटचा चिमटा बॅटरीपासनं लांब लाव." शेवटचं महत्त्वाचं: चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे पडायला नको. मी आधी हातातल्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून स्वयंपाकघरात ठेवलं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पान्याच्या जागी अंगठी आली तर ती क्षणात लाल होते. आप्पांच्या डेपोतल्या एकाचं बोट त्यांनी तसं भाजलेलं बघितलं आहे.

पहिल्यांदा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये लावला. गॅरेजचं दार पांढरंशुभ्र उजळलं. मग निगेटिव्हचा चिमटा काढून, चासीवर तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेल्या जागी लावला. उजेड पिवळा पडला. मी फोन तिकडे वळवला. आप्पा म्हणाले, "मला काय फरक दिसंना." फोनचा कॅमेरा उजेड आपोआप सारखा करत होता. "तुला दिसतोय न्हवं? मग झालं. आता मीटर लाव."

लोड सगळा चालू केला. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून चासीपर्यंत १.३२ व्होल्ट. मग मी टप्प्याटप्प्याने आत सरकले. खुंटी ते क्लँप, ०.०१. क्लँप ते वायरीच्या दुसऱ्या टोकाची थिंबल, म्हणजे बोल्टात अडकणारं तांब्याचं कडं, ०.०५. थिंबल ते तिच्यापासून दोन इंचांवर घासलेली चासी, १.२६. मीटरची टोकं तीन बोटांच्या अंतरावर आणि त्यांच्या मध्ये सव्वा व्होल्ट. बोल्टाला हात लावला. बाहेर थंडी होती आणि बोल्ट कोमट होता. सव्वा व्होल्टला बारा अँपिअरने गुणलं की पंधरा वॅट होतात. हीटरची जी शक्ती आम्हाला मेदरला मिळाली नव्हती, तिच्यातली काही इथे, पायरीखाली जात होती. पंप चालू केल्यावर फ्रिजचा दिवा का विझायचा, तेही उलगडलं: पंपाचे सहा-सात अँपिअर वाढले की हा बोल्ट आणखी पाऊण व्होल्ट खायचा.

वरून बघितलं तर त्या बोल्टात काहीही वाईट नव्हतं. काळ्या, रबरी अंडरकोटिंगचा छान जाड थर होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चाकांमधून उडालेलं ते खारं पाणी थेट या कोपऱ्यात येतं, म्हणून कोणीतरी काळजीने गंज अडवायला तो थर मारला असणार. थराच्या आत गंज आधीच बसलेला होता, तो तिथेच बंद झाला. बोल्ट निघायला दोन दिवस लागले. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी पाना लावायचा, हलला नाही की पुन्हा तेल. तिसऱ्या प्रयत्नाला करकरत सुटला. थिंबल उलटी केली. तांब्याची ती बाजू अर्धी हिरवी, अर्धी पांढरट, आणि चासीच्या बाजूला तपकिरी पापुद्रे, ओल्या बिस्किटासारखे. खरा धातूला धातू लागलेला भाग म्हणजे बोल्टाच्या भोकाच्या कडेची नखाएवढी एक चंद्रकोर. सगळा करंट तेवढ्या चंद्रकोरीवरून जात होता.

पुढचं काम सोपं आणि सुखाचं होतं. चासी तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने पार उघडी धातू दिसेपर्यंत घासली. वायर नवी घेतली, आधीपेक्षा जाड, आणि टिनचा मुलामा असलेली थिंबल. थिंबलला डाख लावावा की नुसती क्रिंप करावी, म्हणजे वायरीवर दाबून बसवावी, यावरून आप्पांचं आणि माझं जमलं नाही. त्यांनी आयुष्यभर डाख लावला. मी क्रिंपवर ठाम राहिले, कारण डाख वायरीत वर चढतो, तिथे तार कडक होते आणि हलत्या गाडीत नेमकी त्या कडेला तुटते. नवा बोल्ट, दातेरी वॉशर, घट्ट आवळलं, आणि मग वरून ग्रीस. आप्पांचं म्हणणं व्हॅसलीन. ग्रीस आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

पुन्हा तोच १२ अँपिअरचा लोड. बॅटरीवर १२.३८. बोल्टावर ०.०४. फ्यूजपेटीत १२.१६. आधी तिथे १०.८८ होतं. हीटर लावला. पंखा एका सुरात फिरला, टक्क आवाज झाला, आणि भप्प करून ज्योत लागली. मुलगा पळत आला आणि जाळीसमोर हात धरून उभा राहिला. तिकडे आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईला हाक मारली, "अगं, इकडं ये, पेटलं बघ पोरीचं." याच बोल्टाने चार्जिंगही रेंगाळत होतं, आता बॅटरी पूर्वीच्या निम्म्या वेळात भरते.

अर्थचं प्रकरण इथे मिटलं असं मला वाटलं होतं. डिसेंबरात पाऊस पडला. गाडी अंगणात, गॅरेजच्या प्लगमधून एक्स्टेन्शन वायर टाकून चार्जिंगला लावलेली. मुलगी अनवाणी, ओल्या फरशीवरून आली, दाराच्या मुठीला हात लावला आणि हात मागे घेऊन म्हणाली, "आई, दाराला मुंग्या येतायत."

मी तिला तिथून उचललं आणि गाडीला हात न लावता आधी घरातला ब्रेकर पाडला. मग वायर बघितली. गाडीबरोबर आलेली ती नारिंगी एक्स्टेन्शन वायर, तिच्या प्लगची गोल तिसरी पिन कोणीतरी कापून टाकलेली. जुन्या दोन भोकांच्या प्लगमध्ये बसावी म्हणून लोक असं करतात.

आपण दोन्हीकडे अर्थ हाच शब्द वापरतो, पण त्यांची कामं वेगळी आहेत. १२ व्होल्टच्या बाजूला अर्थ म्हणजे रोजची परतीची वाट. ती बिघडली तर दिवे मंद होतात. १२० च्या बाजूला ती संकटातली वाट. रोज तिच्यातून काहीच जात नाही, म्हणून ती तुटलेली असली तरी सगळं छान चालतं. उपकरणांमधून थोडा करंट गाडीच्या पत्र्यावर नेहमीच झिरपतो. अर्थ असेल तर तो गुपचूप निघून जातो. अर्थ नसेल तर रबरी टायरांवर उभी असलेली अख्खी गाडी त्या करंटाची वाट बघत राहते. आत असलेल्या माणसाला काहीही कळत नाही. ज्याचे पाय जमिनीवर आणि हात दाराला, त्याच्यातून तो जातो. गॅरेजच्या प्लगला गळती ओळखून वीज तोडणारं जीएफसीआय होतं, पण ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास तोडतं, आणि मुंग्या यायला त्याहून कमी पुरतो. त्या दिवशी पत्र्यावर झिरपलेलाच करंट होता. एखाद्या उपकरणात सरळ शॉर्ट असता तर मधे फक्त जीएफसीआय उभं होतं, आणि कॅम्पग्राउंडच्या ३० अँपिअरच्या जोडणीला सहसा तेही नसतं.

त्या वायरीचे मी चार तुकडे करून टाकले, म्हणजे कोणी कचऱ्यातून उचलून वापरणार नाही. तेव्हापासून प्लग लावण्याआधी खांबावर तीन दिव्यांचा टेस्टर, आणि लावल्यावर दाराच्या मुठीजवळ न टेकवता वाजणारा टेस्टर. तो वाजला तर कोणीही गाडीला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पाठ आहे. तुमच्याकडे जुनी मोटरहोम असेल, किंवा कोणाची चार दिवसांसाठी घेत असाल, तर बाकी काही नाही केलं तरी हे करा. कळकळीने सांगते आहे.

एक्स्टेन्शनचा धोका नको म्हणून जानेवारीत घराबाहेर ३० अँपिअरचा प्लग बसवून घेतला. तेव्हाही थोडक्यात वाचलो. मोटरहोमचा तीन पिनांचा ३० अँपिअरचा सॉकेट दिसायला कपडे वाळवायच्या मशिनच्या सॉकेटसारखा असतो, आणि ते मशिन चालतं २४० वर. आलेल्या इलेक्ट्रिशियनने दोन पोलचा ब्रेकर आणला होता. मी थांबवलं आणि मोटरहोमला १२० च लागतात, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ, हे त्याला गाडीच्या प्लगवरचं छापील दाखवून पटवलं. काम झाल्यावर मीटरने मोजलं: फेज-न्यूट्रल १२०, फेज-अर्थ १२०, न्यूट्रल-अर्थ शून्य. २४० गेले असते तर कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचा बोर्ड सगळं एका क्षणात गेलं असतं.

फेब्रुवारीत पुन्हा मेदरला गेलो. झाडांखाली बर्फ साचलेलं होतं. या वेळी घरून निघण्याआधी दोन रात्री अंगणात, प्लग काढून, हीटर लावून आम्ही गाडीतच झोपलो होतो. तरी जाग आली. पडल्या पडल्या ऐकत राहिले. पंखा सुरू झाला, टक्क, भप्प. उठून मीटर बघितला आणि वहीत लिहिलं: रात्री २.१०, हीटर चालू, फ्यूजपेटीत १२.१४.

माळ्यावरून मुलगी म्हणाली, "आई, पाणी."

नळ सोडला. पंप वाजला. फ्रिजचा हिरवा दिवा तसाच लागलेला होता.